इंजिनियरिंगच्या शाखा : निवडीचा इतिहास

बारावीचे निकाल लागले कीं सुशिक्षित घरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलानें अथवा मुलीनें इंजिनियरिंगची कोणती शाखा घ्यावी? आवडती शाखा साधारण कॉलेजांत मिळत असेल आणि नामांकित कॉलेजांत नावडती, तर त्याग कशाचा करावा? वडील माणसें आपापल्या काळचे दाखले देतात, शेजारीपाजारी आपले अनुभव सांगतात, आणि ज्याला चार वर्षें शिकावयाचें आहे तो बहुधा गप्प बसून ऐकत असतो. हा प्रश्न आजचा वाटला तरी त्यामागें पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, व तो पाहिल्याखेरीज आजच्या गोंधळाचें मर्म उमगणें कठीण.

हिंदुस्थानांत इंजिनियरिंगचें शिक्षण विद्येच्या हौसेनें सुरू झालें नाहीं; सरकारच्या गरजेपोटीं झालें. गंगेच्या कालव्याचें प्रचंड काम हातीं घेतल्यावर कंपनी सरकारला जाणती माणसें अपुरी पडूं लागलीं, आणि १८४७ सालीं रुडकीस कॉलेज निघालें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, आणि पुढच्याच वर्षीं पुण्यांत इंजिनियरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा उघडण्यांत आली. इमारती, धरणें, कालवे, आगगाडीचे रस्ते व पूल यांच्या कामांवर दुय्यम अंमलदार हवे होते. ते तयार करणें हाच तिचा हेतु. विद्यार्थ्यापुढें शाखांची निवड अशी नव्हतीच. इंजिनियर म्हणजे बांधकाम खात्याचा माणूस, हें समीकरण ठरून गेलेलें होतें.

या अरुंद दारांतूनहि कर्तबगार माणसें आंत आलीं. वडिलांचें छत्र लहानपणींच हरपलेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या शिकवण्या करून बंगळूरास बी. ए. झाले, आणि म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन पुण्यास आले. कॉलेजचें नांव त्या वेळीं 'कॉलेज ऑफ सायन्स' असें होतें. १८८३ सालीं एल. सी. ई. च्या परीक्षेंत ते पहिले आले व १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनियर म्हणून रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं योजिलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ सालीं बसविण्यांत आले. शिष्यवृत्ति नसती तर हा विद्यार्थी पुण्यापर्यंत पोंचताच ना. प्रवेशाचा प्रश्न गुणांबरोबर पैशाचाहि असतो, ही गोष्ट तेव्हांपासूनची आहे.

दुसरें दार मुंबईंत उघडलें. तेथें कापडाच्या गिरण्या वाढल्या होत्या व त्यांना यंत्रें जाणणारीं माणसें हवीं होतीं. १८८७ सालीं स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही मुख्यतः गिरण्या व कारखाने यांच्याकडे डोळा ठेवून निघाली. याच संस्थेंत यांत्रिक ड्रॉइंग शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंगांतील भेद नीट ओळखतां येत नसल्यामुळें त्यांना चित्रकला सोडावी लागली, आणि मन यंत्रांकडे वळलें. १९१० सालीं त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हातीं दिला. इंजिनियरिंगच्या कोणत्याहि पदवीवांचून त्यांनीं हें केलें.

पुण्याच्या कॉलेजला १९११ सालीं 'कॉलेज ऑफ इंजिनियरिंग' हें नांव मिळालें. एल. सी. ई. जाऊन तिच्या जागीं बी. ई. आली आणि स्थापत्याच्या जोडीला यंत्रशाखा उभी राहिली. विजेची हकीकत याहून बोधप्रद आहे. खोपोलीचें टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें व त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. परंतु पुण्यांत विद्युत्-शाखेची पदवी आली ती १९३० नंतर. दूरसंदेश व धातुशास्त्र या शाखा तर दुसरें महायुद्ध संपल्यावरच्या. आधीं धंदा उभा राहतो, मग शाखा निघते, आणि त्यानंतर ती लोकप्रिय होते. घरोघर जिचें नांव निघूं लागलें, त्या शाखेची पहिली लाट पुष्कळदां येऊन गेलेली असते.

शाखा निवडतांना धंद्याकडे न पाहतां स्वतःच्या जीविताकडे पाहणारींहि माणसें होतीं. मद्रासच्या ए. ललिता यांना अठराव्या वर्षीं वैधव्य आलें, आणि पदरीं तान्ही मुलगी होती. वैद्यकीच्या वेळीअवेळीं येणाऱ्या कामांत मुलीचे हाल होतील हें जाणून त्यांनीं इंजिनियरिंग पत्करलें. वडील गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजांत विद्युत्-शाखेचे प्राध्यापक होते. १९४० सालीं ललिता यांनीं तेथें तीच शाखा घेतली व महायुद्धाच्या काळांतच त्या पदवीधर झाल्या. पुढें भाक्रा-नांगल योजनेच्या विद्युत्-वाहिन्यांच्या कामाला त्यांचा हात लागला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १९५१ मध्यें खरगपूरास व १९५८ मध्यें मुंबईस आय. आय. टी. निघाली. कानपूरच्या आय. आय. टी. त १९६३ सालीं आय. बी. एम. १६२० हा संगणक आला, तेव्हां संगणकशास्त्र घेण्यासाठीं कोणत्याहि घरांत वाद झाला नसेल. नारायण मूर्ति यांनीं म्हैसुरांत पदवी घेतली ती विद्युत्-शाखेची. कानपुरास त्यांना संगणक भेटला, आणि १९८१ सालीं सहा सहकाऱ्यांसह पुण्यांत त्यांनीं जी कंपनी काढली ती संगणकाच्या आज्ञावल्यांची.

महाराष्ट्रांत दाराची रुंदी एकदम वाढली ती १९८३ सालीं. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारनें विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, तशी फीहि वाढली. गुणवत्ता मोजण्याचें मापहि स्थिर राहिलें नाहीं. आरंभीं बारावीचे गुण, मग राज्याची सामाईक परीक्षा, २०१४ व २०१५ या दोन वर्षीं अखिल भारतीय परीक्षेचे गुण, आणि २०१६ पासून पुन्हा राज्याची परीक्षा, असा हा प्रवास आहे.

आजच्या पद्धतींत विद्यार्थ्यानें कॉलेज व शाखा यांची पसंतीक्रमानें यादी द्यावयाची असते. संगणक गुणानुक्रमें एकेकाची यादी घेतो व तींत वरून खालीं पाहत जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. या साध्या नियमाचा अर्थ पुष्कळ घरांत ध्यानीं घेतला जात नाहीं. मिळण्याजोगें तेंच वर लिहावें, असा सल्ला दिला जातो. परंतु मनापासून हवी असलेली जागा वर लिहिल्यानें खालची हातची जात नाहीं. उलट खालची वर लिहिली, तर वरची कायमची हुकूं शकते. आणि जी शाखा मिळाली तर घ्यावयाचीच नाहीं, तिला यादींत स्थान देण्यांत कांहींच हंशील नाहीं.

अशी यादी विश्वेश्वरय्यांना करावी लागली नाहीं, किर्लोस्करांनाहि नाहीं. शाखांची नांवें काळाबरोबर बदलत आलीं आहेत व बदलत राहतील. गणित, पदार्थविज्ञान व हातानें काम करण्याची गोडी यांची गरज मात्र १८५४ च्या त्या वर्गांत होती, तशीच आजहि आहे. म्हणून घरांतील चर्चेंत आतांपर्यंत गप्प बसलेल्या मुलास आधीं बोलूं द्यावें, आणि यादीची पहिली ओळ त्याच्या हातानें लिहिली जावी, हें उत्तम.