दगडाची मेमरी

चंद्रपूरहून जिवतीकडे निघालं की माणिकगडच्या डोंगरांत काळा कातळ लागतो. चुंबकाचा विषय निघाला की आपल्याला आठवतं ते गडचिरोलीचं सुरजागड. पण तिथलं लोखंड मुख्यतः हेमॅटाइट, साधं लोहचुंबक त्याला फारसं ओढत नाही. खरी मेमरी आहे ती या काळ्या बेसाल्टमध्ये.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्यावेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा चक्क सेव्ह केली. दख्खनच्या याच दगडांवरून १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दाखवलं, की आपला भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. खंड सरकतात म्हटलं की हसायचे लोक तेव्हा!

पण कण दिशा विसरत का नाही? कारण अनायसोट्रॉपी. लाकूड रेषेत पटकन फाटतं, आडवं फाटत नाही. तसं स्फटिकातल्या चुंबकत्वालाही काही दिशा सोयीच्या असतात. एकीकडून दुसरीकडे जायचं तर मध्ये घाट. कण जितका मोठा तितका घाट उंच. कण फारच बारीक असेल तर नुसत्या उष्णतेच्या धक्क्यांनी तो सारखा उलटसुलट होत राहतो. हे गणित लुई नेएलने १९४९ मध्ये मांडलं.

आता गंमत बघा. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आणि लिखिते यांनी दगडांचं हिस्टेरेसिस मोजायचं यंत्र बनवलं, १९६५ मध्ये त्यावर पेपर लिहिला, आणि पुढे दाखवलं की दख्खनच्या अनेक बेसाल्टमध्ये असे विसरभोळे कणही आहेत. म्हणजे कुठल्या दगडाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा, हे आधी तपासायला हवं. (बॅकअप घेतला, पण रिस्टोअर करून कधी पाहिलाच नाही, असं आमच्या धंद्यातही होतं.)

कण बारीक केला की मेमरी जाते, हीच हार्डडिस्कचीही अडचण. त्यामुळे १९९३ ची बातमी मला अजून भारी वाटते. फ्लॉरेन्सचे सेसोली आणि गातेस्की यांच्या गटाने दाखवलं, की मँगनीजचे १२ अणू असलेला एकेक रेणू स्वतंत्रपणे दिशा लक्षात ठेवतो. २ केल्विनला सुमारे दोन महिने! इथे घाटाची उंची आकारावर नाही, तर रेणूच्या स्पिनवर आणि त्याच्या अनायसोट्रॉपीवर ठरते. मग तीच वाढवायची शर्यत लागली. आपल्या पवईच्या आयआयटीतही गोपालन राजारामन यांचा गट संगणकावर ही गणितं करतो. २०१८ मध्ये डिस्प्रोशियमच्या एका रेणूने ८० केल्विनपर्यंत मजल मारली, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या जरा वर.

८० केल्विन म्हणजे उणे १९३ अंश. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. तिथे हा रेणू क्षणात सगळं विसरेल. माणिकगडचा कातळ त्याच उन्हात तापत पडलाय.