पांच मूलतत्त्वें : अमेरिकन प्रॉटेस्टंट पंथांतील एक कलह

प्रत्येक धर्माच्या इतिहासांत एक वेळ अशी येते कीं, अनुयायांना 'हें सोडलें तरी चालेल, परंतु तें सोडतां येणार नाहीं' अशी रेषा आंखावी लागते. श्रद्धा निर्वेध असते तोंपर्यंत ही रेषा कोणी आंखीत नाहीं. तशी गरजच भासत नाहीं. शंकेचा वारा घरांत शिरूं लागला म्हणजे घरांतील कोणती वस्तु प्रथम सांभाळावी हा विचार सुचतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांवर अशीच वेळ आली होती. आज ज्यांना 'इव्हँजेलिकल' म्हणजे सुवार्तावादी म्हणतात, त्यांतील सनातनी पक्षाच्या श्रद्धेची चौकट त्या काळांतील वादांतून घडली आहे.

या वादाचें मूळ बरेंच मागें आहे. १५१७ सालीं मार्टिन ल्यूथर यानें जर्मनींत जो धर्मसुधारणेचा झगडा आरंभिला, त्यांतून दोन सिद्धान्त पुढें आले. धर्माच्या बाबतींत अखेरचा आधार पोप नव्हे, तर पवित्र शास्त्र, हा एक. आणि मनुष्याचें तारण त्याच्या पुण्यकर्मांनीं होत नसून केवळ देवाच्या कृपेनें, विश्वासाच्या द्वारें होतें, हा दुसरा. अठराव्या शतकांत इंग्लंडमध्यें जॉन वेस्ली आणि अमेरिकेंत जोनाथन एडवर्ड्स यांनीं या सिद्धान्तांना अंतःकरणाच्या पालटाची जोड दिली. ख्रिस्ती घरांत जन्म झाला म्हणून कोणी ख्रिस्ती होत नाहीं. प्रत्येकानें आपलें पाप ओळखून स्वतः नवा जन्म घेतला पाहिजे, असें ते सांगत. शास्त्र, वधस्तंभ, हृदयपालट आणि या वार्तेचा प्रसार या चार खांबांवर सुवार्तावाद उभा आहे, असें डेव्हिड बेबिंग्टन या इंग्रज इतिहासकारानें १९८९ सालीं दाखवून दिलें, आणि तें वर्णन आतां सर्वत्र रूढ झालें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या खांबांना हादरे बसूं लागले. १८५९ सालीं डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८७८ सालीं यूलियस वेल्हाउझेन या जर्मन पंडितानें यहुदी लोकांच्या प्राचीन इतिहासावर ग्रंथ लिहून, मोशेच्या नांवावर असलेले पांच ग्रंथ एका हातचे नसून निरनिराळ्या काळांतील लिखाणांतून गुंफले गेले आहेत, असें प्रतिपादिलें. बायबल हें इतर प्राचीन ग्रंथांप्रमाणेंच तपासावें, हा विचार जर्मन विद्यापीठांतून शिकून आलेल्या तरुण अध्यापकांबरोबर अमेरिकेंत पोहोंचला. न्यूयॉर्कच्या युनियन धर्मविद्यालयांतील चार्ल्स ब्रिग्ज या अध्यापकानें तो उघडपणें मांडतांच प्रेस्बिटेरियन मंडळीनें त्याच्यावर पाखंडाचा खटला चालविला आणि १८९३ सालीं त्यास धर्मोपदेशकाच्या पदावरून दूर केलें.

सनातनी पक्षाचें मुख्य ठाणें प्रिन्स्टनचें धर्मविद्यालय हें होतें. त्या पक्षाच्या बेंजामिन वॉरफील्ड व ए. ए. हॉज यांनीं १८८१ सालीं एक निबंध लिहून आपला पक्ष रेखीवपणें मांडला. मूळ लेखकांच्या हातून जसें शास्त्र उतरलें तसें तें सर्वस्वीं निर्दोष आहे. नकलकारांच्या हातून पुढें कांहीं चुका शिरल्या असतील, परंतु मूळ वचन भ्रांतिरहित आहे, असा त्यांचा आशय होता. हे लोक अडाणी होते असें समजणें चुकीचें होईल. हिब्रू आणि ग्रीक या भाषांत ते निष्णात होते, आणि वॉरफील्ड तर उत्क्रांतीच्या कल्पनेचा कांहीं मर्यादेंत विचार करावयासही तयार होता. शास्त्राच्या प्रामाण्याचा प्रश्न मात्र त्यांस जीवनमरणाचा वाटत होता.

पुढें न्यूयॉर्क येथील प्रांतिक मंडळानें, कुमारीजन्मास होकार देण्यास तयार नसलेल्या कांहीं उमेदवारांना उपदेशकाचा परवाना दिला. त्यावर तक्रार झाली, आणि १९१० सालीं प्रेस्बिटेरियन मंडळीच्या महासभेनें ठराव करून पांच तत्त्वें अत्यावश्यक म्हणून जाहीर केलीं. पहिलें, पवित्र शास्त्र अभ्रांत आहे. दुसरें, येशू ख्रिस्त कुमारीच्या पोटीं जन्मला. तिसरें, देवाच्या न्यायाची पूर्तता व्हावी म्हणून त्यानें पापी मनुष्यांच्या ऐवजीं आपलें बलिदान केलें. चौथें, ज्या देहानें त्यानें दुःख सोसलें त्याच देहानें तो मेलेल्यांतून उठला. पांचवें, त्याचे चमत्कार खरे घडले. १९१६ व १९२३ सालीं महासभेनें हाच ठराव पुन्हां उच्चारिला. सामान्य लोकांत ज्या याद्या फिरत, त्यांत पुष्कळदां चमत्कारांच्या जागीं ख्रिस्ताच्या पुनरागमनाचें तत्त्व असे.

या पांच तत्त्वांचा परस्परसंबंध ध्यानीं घेतला नाहीं, तर तीं पांच सुट्या आग्रहांसारखीं दिसतात. त्यांचा गाभा तिसऱ्या तत्त्वांत आहे. मनुष्य पापी आहे आणि देव न्यायी आहे; मग न्याय न मोडतां क्षमा व्हावी कशी? ज्याचा अपराध नाहीं त्यानें अपराध्याचा दंड आपल्यावर घ्यावा, हें सनातनी पक्षाचें उत्तर. परंतु दंड घेणारा केवळ एक साधुपुरुष असेल तर एका मनुष्याच्या मरणानें जगाचें ऋण कसें फिटावें? म्हणून तो मनुष्यरूपानें आलेला देव असला पाहिजे, आणि कुमारीजन्म ही त्याची खूण. त्याचें बलिदान स्वीकारलें गेलें याची साक्ष काय? पुनरुत्थान. आणि हें सर्व घडलें हें एकोणीस शतकांनंतरच्या माणसास कळावें कोणत्या आधारावर? शास्त्राच्या. तेव्हां यांपैकीं एक कडी निखळली तर सबंध सांखळीच तुटते, असें त्यांस वाटे.

उदार पक्षाचें म्हणणें याहून निराळें होतें. ख्रिस्ती धर्माचें सार येशूच्या जीवनांत, त्याच्या प्रेमाच्या शिकवणींत आणि त्यापासून भक्ताला येणाऱ्या अनुभवांत आहे. तत्त्वांचीं सूत्रें हीं त्या त्या काळाचीं वस्त्रें होत, आणि वस्त्र जीर्ण झालें तर तें बदलण्यांत पाप नाहीं, असें ते म्हणत. शाळाकॉलेजांत शिकणाऱ्या तरुणांना 'विज्ञान सोडा किंवा धर्म सोडा' अशी निवड करावयास लावाल तर ते धर्मच सोडतील, ही त्यांची भीति होती. ही भीतिही पोकळ नव्हती.

याच सुमारास कॅलिफोर्नियांतील तेलाच्या धंद्यांत धनवान झालेल्या लायमन स्ट्युअर्ट यानें आपला भाऊ मिल्टन याच्या साहाय्यानें एक मोठें काम अंगावर घेतलें. १९१० ते १९१५ या काळांत त्यांच्या खर्चानें 'द फंडामेंटल्स', म्हणजे 'मूलतत्त्वें', या नांवाचे बारा भाग निघाले. त्यांत नव्वद निबंध होते. सुमारें तीस लाख प्रती धर्मोपदेशक, मिशनरी आणि धर्मशिक्षक यांस फुकट वांटण्यांत आल्या. पुढें १९२० सालीं कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकानें या तत्त्वांसाठीं झुंजण्यास सिद्ध असलेल्यांना 'फंडामेंटलिस्ट' हें नांव दिलें. आज हा शब्द निंदेचा झाला आहे. तो घडविणाऱ्यानें मात्र तो अभिमानानें घडविला होता.

१९२२ सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्यें हॅरी एमर्सन फॉस्डिक यांनीं 'फंडामेंटलिस्टांचा जय होणार काय?' या विषयावर प्रवचन केलें. फॉस्डिक स्वतः बाप्टिस्ट असून त्या चर्चमध्यें उपदेशक होते. कुमारीजन्म, शास्त्राची अभ्रांतता आणि पुनरागमन यांविषयीं प्रामाणिक ख्रिस्ती माणसांत मतभेद असूं शकतात. एवढ्यासाठीं कोणास बाहेर घालविणें हें ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. प्रवचन छापून देशभर वांटलें गेलें आणि भडका उडाला.

पुढच्याच वर्षीं प्रिन्स्टनमध्यें नव्या कराराचें अध्यापन करणाऱ्या जे. ग्रेशम मॅचेन यांचें 'ख्रिस्ती धर्म आणि उदारमत' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. मॅचेन यांची कथा लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तरुणपणीं ते १९०५ सालीं जर्मनीस शिकावयास गेले, आणि मारबुर्ग येथें विल्हेल्म हेर्मान या उदारमतवादी गुरूच्या तेजस्वी भक्तीनें ते इतके भारले गेले कीं, त्यांची स्वतःची श्रद्धा डळमळली. तिला स्थैर्य येण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. म्हणजे त्यांनीं ज्या मताशीं लढा दिला त्याचें आकर्षण त्यांनीं आंतून अनुभविलें होतें. त्यांचा मुद्दा असा कीं, सुवार्ता म्हणजे वार्ता. ती घडलेल्या गोष्टीची असते. ती गोष्ट घडलीच नाहीं असें म्हटलें तर जें उरतें तें कितीही उदात्त असो, तो निराळा धर्म होय. ज्यांना जुनीं तत्त्वें मान्य नाहींत त्यांनीं त्याच तत्त्वांची शपथ घेऊन त्याच व्यासपीठावर उभें राहणें हें सचोटीस धरून नाहीं.

यावर उदार व मध्यम पक्षांकडून १९२४ सालीं ऑबर्न येथून एक जाहीरनामा निघाला, आणि त्यावर अखेरीस १,२७४ धर्मोपदेशकांच्या सह्या झाल्या. त्यांनीं पांच तत्त्वें सरसकट नाकारलीं नाहींत. त्यांचें म्हणणें दोन प्रकारचें होतें. एक, या श्रद्धांचें जें विशिष्ट स्पष्टीकरण महासभेनें केलें तेंच एकमेव शास्त्रसंमत नव्हे. दुसरें, घटनेप्रमाणें प्रांतिक मंडळांच्या संमतीवांचून महासभेस नवी कसोटी लादण्याचा अधिकार नाहीं. अशा रीतीनें 'खरें काय?' या प्रश्नाशेजारीं 'तें ठरविणार कोण?' हा प्रश्न उभा राहिला, आणि वादाचा निकाल अखेर त्या दुसऱ्या प्रश्नावर लागला.

१९२५ सालच्या जुलै महिन्यांत टेनेसी संस्थानांतील डेटन या लहानशा गांवीं जॉन स्कोप्स या शिक्षकावर, कायद्यानें मना असतां उत्क्रांति शिकविल्याबद्दल, खटला भरण्यांत आला. फिर्यादी पक्षास तीनदां अध्यक्षपदासाठीं उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन, आणि आरोपीच्या बाजूस प्रख्यात वकील क्लॅरेन्स डॅरो. स्कोप्स यांस शंभर डॉलर दंड झाला. पण डॅरो यांनीं ब्रायन यांस साक्षीस उभें करून जी उलटतपासणी केली, तिनें वर्तमानपत्रांत सनातन्यांची हेटाळणी झाली. त्याच उलटतपासणींत, सृष्टीच्या उत्पत्तीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असें नाहीं, हें ब्रायन यांनीं मान्य केलें होतें. खटला संपल्यावर पांच दिवसांनीं ते वारले. दंडाचा हुकूम १९२७ सालीं तांत्रिक कारणानें रद्द झाला. कायदा मात्र १९६७ पर्यंत राहिला. या खटल्यांत साक्ष देण्याचें ब्रायन यांचें बोलावणें मॅचेन यांनीं नाकारलें होतें, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं.

१९२७ सालीं महासभेनें, अमुक तत्त्वें अत्यावश्यक असें एकट्या महासभेस ठरवितां येत नाहीं, हा निर्णय स्वीकारला. पांच तत्त्वांचें बंधन गेलें. १९२९ सालीं प्रिन्स्टन विद्यालयाची पुनर्रचना झाली तेव्हां मॅचेन यांनीं तें सोडून फिलाडेल्फिया येथें वेस्टमिन्स्टर विद्यालय काढलें.

आतां या वादाची झळ परदेशीं मिशनांस लागली. प्रो. हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी मंडळ हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन व जपान येथें हिंडून गेलें होतें. १९३२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत, मिशनरींनीं इतर धर्मांच्या अनुयायांबरोबर सत्याच्या शोधांत सहकारी व्हावें, असा सूर होता. सनातन्यांना यांत मिशनचा पायाच ढांसळलेला दिसला. मॅचेन यांनीं स्वतंत्र मिशनमंडळ स्थापिलें. तें मोडण्याची आज्ञा त्यांनीं मानली नाहीं, म्हणून १९३६ सालीं त्यांस उपदेशकपदावरून दूर करण्यांत आलें. ज्या मंडळीनें त्रेचाळीस वर्षांपूर्वीं ब्रिग्ज यांना जुनीं तत्त्वें ढिलीं केल्याबद्दल काढलें, तिनेंच मॅचेन यांना काढलें तें शिस्तभंगाबद्दल. त्यांनीं एक लहान मंडळी स्थापिली आणि १ जानेवारी १९३७ रोजीं, प्रवासांत असतां, न्युमोनियानें ते निधन पावले. मरणापूर्वीं एका सहकाऱ्यास पाठविलेल्या तारेंत त्यांनीं, ख्रिस्तानें मनुष्याच्या वतीनें देवाची आज्ञा पूर्णपणें पाळली, या तत्त्वाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली होती. ज्याला लोक शुष्क सूत्र म्हणत होते तेंच त्या पंचावन्न वर्षांच्या रुग्णास अंथरुणावर आधार देत होतें.

पराभूत पक्ष नाहींसा झाला नाहीं. १९४२ सालीं सेंट लुई येथें सुवार्तावाद्यांचा राष्ट्रीय संघ निघाला. १९४७ सालीं कार्ल हेन्री यांनीं आपल्याच पक्षास, समाजांतील अन्यायाकडे पाठ फिरविल्याबद्दल, जाहीर दोष दिला. १९७४ सालीं लोझान येथें भरलेल्या जागतिक परिषदेंत सुवार्ताप्रसार आणि सामाजिक कर्तव्य यांची सांगड घालणारा करार झाला. १९७८ सालीं शिकागो येथें शास्त्राच्या अभ्रांततेवर नवें निवेदन तयार झालें.

महाराष्ट्रालाही या श्रद्धेचें एक थोर उदाहरण ठाऊक आहे. पंडिता रमाबाई यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळपीडित स्त्रियांना आसरा दिला, आणि आयुष्याचीं अखेरचीं वर्षें हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठींत आणण्यांत वेंचलीं. १९२२ सालीं त्यांचें देहावसान झालें. शास्त्राचा प्रत्येक शब्द मोलाचा आहे ही श्रद्धा एका ठिकाणीं कलहाचें कारण झाली, तर दुसऱ्या ठिकाणीं अनाथ स्त्रियांच्या हातीं त्यांच्याच भाषेंतील ग्रंथ देण्याची प्रेरणा झाली.

या कलहांत कोणाचें चुकलें, हें सांगणें इतिहासाचें काम नव्हे. ज्यांनीं दार रुंद करावें म्हटलें त्यांना बाहेर राहणाऱ्यांची काळजी होती. ज्यांनीं भिंत राखावी म्हटलें त्यांना घर घर राहील कीं नाहीं याची काळजी होती. भिंतीवांचून घर नाहीं आणि दारावांचूनही घर नाहीं. परंतु कोणती भिंत भार वाहते आणि कोणती केवळ आडोशाची आहे, हें ओळखण्याचें काम प्रत्येक पिढीस नव्यानें करावें लागतें, आणि तें करतांना समोरच्याच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवणें हेंच सर्वांत अवघड जातें.