यंदा कोण जिंकणार? : विदर्भ, रणजी आणि आपले अंदाज

रणजी करंडकाचा हंगाम तोंडावर आला की आमच्या स्टाफरूमच्या कपाटातून एक जुने रजिस्टर बाहेर निघते. मुळात ते हजेरीचे. अर्धे कोरे राहिले होते, ते २०१७ मध्ये आम्ही ताब्यात घेतले. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाने त्यात दोन गोष्टी लिहायच्या आणि खाली सही करायची. पहिली, यंदा करंडक कोण नेणार. दुसरी, आपला विदर्भ कुठपर्यंत जाणार. नंतर खाडाखोड चालत नाही. ज्याचा अंदाज साफ चुकला त्याने सगळ्यांना समोसे खाऊ घालायचे.

मौदा हे भंडारा रोडवरचे तालुक्याचे गाव. एकीकडे कन्हान नदी, दुसरीकडे एनटीपीसीच्या चिमण्या. इथून जामठ्याचे स्टेडियम गाठायचे तर सगळे नागपूर ओलांडावे लागते. तरी क्रिकेटचे भविष्य सांगणारे इथे कमी नाहीत. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर दर हंगामाआधी निवड समितीची बैठक भरते असे म्हटले तरी चालेल.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दापाशी अडकण्याची सवय आहे. 'अंदाज' हा शब्द फारसीतून आला. मूळ क्रियापद 'अंदाख्तन', म्हणजे फेकणे, टाकणे. बाण सोडणारा तो तिरंदाज. तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. मराठ्यांच्या तोफखान्यातला हा शब्द पुढे मराठीने क्रिकेटच्या बॉलरला दिला आणि त्याच साच्यात बॅटवाल्यासाठी 'फलंदाज' घडवला. मुलांना मी गमतीने सांगतो, की गोलंदाज आणि अंदाज एकाच घरातले. एक चेंडू टाकतो, दुसरा मत टाकतो. दोघांचाही नेम चुकू शकतो.

आमचा नेम कसा चुकला ते सांगतो. २०१७ च्या पानावर सात सह्या आहेत. चौघांनी मुंबई लिहिले, दोघांनी कर्नाटक आणि एकाने आदल्या वर्षीचा विजेता गुजरात. विदर्भ कोणीच लिहिले नाही. विदर्भ कुठपर्यंत जाणार, यापुढे माझ्या अक्षरात लिहिले आहे, "साखळीतच बाहेर."

यात आमचा फार दोष नव्हता. आमच्यामागे साठ वर्षांचा इतिहास उभा होता. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा नागपूरकडून मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा संघ उतरला होता. विदर्भ या नावाने संघ खेळू लागला १९५७-५८ पासून. तेव्हापासून २०१७ पर्यंत करंडक तर सोडाच, आम्ही एकदाही अंतिम सामना खेळलो नव्हतो. २००२ नंतर स्पर्धेचे एलिट आणि प्लेट असे दोन भाग झाले तेव्हाही आमचा मुक्काम बहुतेक वेळा प्लेटमध्ये, म्हणजे खालच्या वर्गात असे. विदर्भाचा पहिला कसोटी खेळाडू मिळायला २०११ साल उजाडले. तो उमेश यादव, खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. अशा संघाबद्दल "साखळीतच बाहेर" लिहिणारा माणूस स्वतःला जाणकार समजत असतो. मीही समजत होतो.

मग तो हंगाम आला. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार, मुंबई सोडून विदर्भाकडे आलेला वसीम जाफर आणि रजनीश गुरबानी नावाचा फारसा कोणाला माहीत नसलेला वेगवान गोलंदाज. साखळीत विदर्भ गटात पहिला आला. उपांत्यपूर्व फेरीत केरळला ४१२ धावांनी हरवले. आमच्या चौघांची लाडकी मुंबई त्याच फेरीत कर्नाटककडून डावाने हरली, आणि तीही आपल्या नागपुरात. उपांत्य सामना कोलकात्यात कर्नाटकशी झाला. करुण नायरने आमच्याविरुद्ध १५३ धावा केल्या. कर्नाटकला शेवटी १९८ धावा हव्या होत्या, ते १९२ वर बाद झाले. पाच धावांनी विजय, गुरबानीचे सामन्यात बारा बळी. अंतिम सामना इंदूरला, दिल्लीशी. गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचे शतक आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गड्यांनी विजय. विजयी फटका जाफरच्या बॅटमधून निघाला. आम्ही सातही जण चुकलो होतो. समोसे कोणी द्यायचे यावर बराच वाद झाला आणि शेवटी वर्गणी काढावी लागली.

हा लेख मात्र त्याच्या पुढच्या वर्षीच्या पानामुळे लिहितो आहे.

२०१८ च्या हंगामाआधी स्टाफरूममध्ये सूर असा होता, की गेल्या वर्षीचा तुक्का होता, पुन्हा होणे नाही. मी मात्र दोन्ही रकान्यांत 'विदर्भ' लिहिले. माझ्याकडे कारणे होती. तोच संघ होता, तोच प्रशिक्षक होता, जाफरने मार्च २०१८ मध्ये इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६ धावा केल्या होत्या. आदित्य सरवटेची फिरकी होती. मी हे सगळे सांगू लागलो तेवढ्यात एक सहकारी हसत म्हणाले, "तुमचं काय सर, तुमचे दोघं हायेत नं टीममध्ये!"

सगळे हसले. मीही हसलो. बोलणारा माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या आजारपणात रात्री स्वतःच्या गाडीतून आम्हाला नागपूरला नेणारा तोच. पण वाक्य डोक्यातून जाईना. मी सरवटेचे नाव घेतले होते, वाडकरचे घेतले होते, गुरबानीचे घेतले होते. त्यांना ऐकू आली फक्त दोन नावे. आणि मी एवढा हिशेब मांडून केलेला अंदाज क्षणात अंदाज राहिला नाही, तो माझ्या धर्माचा दाखला झाला.

अशी बोलणी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहेत. त्यावर चिडून उपयोग नसतो. मी शिक्षक, मी इतिहासाकडे वळलो. तेव्हा लक्षात आले, की आपल्याच राज्यात एक काळ असा होता जेव्हा "यंदा कोण जिंकणार" या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या नावावरूनच गृहीत धरले जाई.

मुंबईत आधी युरोपियन आणि पारशी यांचे सामने होत. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला, १९१२ मध्ये मुसलमानांचा, आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला, तेव्हा ती पंचरंगी झाली. त्या पाचव्या संघाचे नाव 'द रेस्ट', म्हणजे बाकीचे. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, जे कुठेच बसत नाहीत ते सगळे. सांगलीचे विजय हजारे या 'बाकीच्यां'मध्ये खेळत, कारण ते ख्रिस्ती होते. १९४३ मध्ये हिंदू संघाविरुद्ध 'बाकीच्यां'चा डाव ३८७ धावांत संपला, त्यात एकट्या हजारेंच्या ३०९ होत्या. अस्सल मराठी माणसाची ही खेळी, पण धावफलकावर तो 'बाकीचा'.

ही स्पर्धा लोकांना खूप आवडे हे मान्य केले पाहिजे. मैदाने भरत, क्रिकेटचा दर्जा उत्तम असे, देशातले बहुतेक मोठे खेळाडू त्यात घडले. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवले. के. सी. इब्राहिम १३७ धावांवर नाबाद राहिले. कर्णधार होते इंदूरचे मुश्ताक अली. समोरच्या संघात होते विजय मर्चंट. याच दोघांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला भारतासाठी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली होती. म्हणजे परदेशात एका टोकाला मुश्ताक, दुसऱ्या टोकाला मर्चंट, आणि मुंबईत आल्यावर दोघांच्या मध्ये धर्माची सीमारेषा.

आपल्या नागपूरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले आणि १९३२ मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पुढे ते होळकरांच्या इंदूरला गेले. मुश्ताक अलींना त्यांनीच हेरले, घडवले. मुंबईच्या त्या स्पर्धेत गुरू हिंदू संघाचा आणि शिष्य मुस्लिम संघाचा. रणजीत मात्र दोघे एकाच होळकर संघाचे. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. खेळाडू तेच, बॅट तीच. फक्त संघ बांधण्याचा नियम बदलला की दोन माणसे शत्रू होत की सोबती, तेही बदलत असे.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचे मत विचारायला गेली. महाविद्यालयांचे, संस्थांचे संघ असावेत हे मला समजते, पण हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ का असावेत हे मला कधीच समजले नाही, असा त्यांचा रोख होता. तरी स्पर्धा आणखी काही वर्षे चालली आणि १९४६ मध्ये कायमची बंद झाली. मैदानावर रणजी उरली.

रणजीने काय बदलले? माझ्या मते एक मोठी गोष्ट बदलली. धर्माच्या संघात माणूस जन्माने जातो, बदली होत नाही. मुश्ताक अलींना हिंदू संघात जाता येणार नव्हते आणि मर्चंटना मुस्लिम संघात. चाहत्याचेही तसेच. त्याचा संघ पाळण्यातच ठरलेला, मग त्याच्या अंदाजात विचार करायला जागा कुठे? प्रदेशाच्या संघात मात्र येता येते. वसीम जाफर मुंबईहून आला आणि आमचा झाला. ज्या करुण नायरने कोलकात्यात आमचा घाम काढला, त्याच नायरने २०२५ च्या अंतिम सामन्यात आमच्यासाठी ८६ आणि १३५ धावा केल्या. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून आमच्याविरुद्ध शतक ठोकणारा ध्रुव शोरीही पुढे विदर्भाकडे आला. जो संघ माणसाला आत घेतो, त्याच्यावर लावलेला अंदाज विचार करून लावता येतो. तो चुकतो, पुढच्या वर्षी बदलता येतो.

२०१८ च्या त्या पानाचा निकाल सांगतो. जाफरने हंगामात १०३७ धावा केल्या. वायनाडच्या उपांत्य सामन्यात उमेश यादवने केरळचे बारा गडी टिपले. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना झाला. चेतेश्वर पुजारा पहिल्या डावात १ आणि दुसऱ्या डावात ० वर गेला, दोन्ही वेळा सरवटेच्याच चेंडूवर. सरवटेचे सामन्यात अकरा बळी आणि विदर्भाचा ७८ धावांनी विजय. माझा अंदाज खरा ठरला. समोसे आले तेव्हा मी त्या सहकाऱ्यांना एवढेच म्हणालो, "सर, माझे दोघं नाही, माझे अकरा होते." ते क्षणभर गप्प झाले, मग त्यांनी स्वतःच्या प्लेटमधला समोसा माझ्या प्लेटमध्ये ठेवला. विषय तिथेच संपला.

पण प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या बाजूनेही हिशेब पूर्ण साफ नाही. संघ जाहीर झाला की माझे डोळे आधी यादीत आपली नावे शोधतात. लहानपणापासूनची सवय आहे. फैज फजलने इंदूरला करंडक उचलला तेव्हा नायडू आणि मुश्ताक अलींच्या गावी, होळकरांचे नाव असलेल्या स्टेडियमवर एक नागपूरकर मुसलमान विदर्भाचा कर्णधार म्हणून उभा आहे, याने माझा गळा भरून आला होता. हा आनंद चुकीचा आहे असे मला वाटत नाही. ज्याला वारंवार मोजले जाते, तो स्वतःही मोजायला शिकतो. पण आनंद वेगळा आणि अंदाज वेगळा. नावे मोजून अंदाज केला तर मीही त्या जुन्या पंचरंगी मैदानातच उभा आहे.

आणि अंदाज तर दोन्हीकडून फसवतो. २०१९ मध्ये आम्ही सातही जणांनी छाती फुगवून 'विदर्भ, सलग तिसऱ्यांदा' लिहिले आणि संघ बाद फेरीतसुद्धा पोहोचला नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवले. पुढच्याच हंगामात उपांत्य फेरीत आपण नागपुरात मुंबईला ८० धावांनी परतफेड केली.

२०२४ च्या हंगामाआधी मी रजिस्टर वर्गात नेले. नववीतल्या माझ्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीचा सराव म्हणून सांगितले, की यंदा विदर्भाचा कोणता खेळाडू गाजेल ते कारणासह पाच ओळींत लिहा. मला वाटले, ठरावीक नावे येतील. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिले, "हर्ष दुबे. कारण तो डाव्या हाताने फिरकी टाकतो. मी पण डाव्या हाताने टाकतो."

त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी तोवर कोणीच घेतले नव्हते. २ मार्च २०२५ रोजी जामठ्याला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे पाहून डावा हात वर केला.

त्याच्या पाच ओळींत ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. त्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. त्याच्या कारणात मात्र मला दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.