हवाई वाहतुकीचे प्रवाह-व्यवस्थापन

देशाच्या आकाशात आणि विमानतळांवर ठरावीक वेळात जेवढी विमाने सुरक्षितपणे हाताळता येतात, त्याहून जास्त विमाने एकदम येऊन पडू नयेत म्हणून उड्डाणांच्या वेळा, मार्ग आणि उंची आधीच जुळवून घेण्याची व्यवस्था. हवाई वाहतूक नियंत्रक हवेतल्या विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखतो. त्या नियंत्रकाच्या पडद्यावर पुढच्या काही तासांत किती विमाने येणार, हे प्रवाह-व्यवस्थापक पाहतो. मागणी क्षमतेपेक्षा जास्त दिसली, तर तो निघण्याच्या विमानतळावरच विमाने रोखून धरतो. प्रवाशाला ‘एटीसीमुळे (हवाई वाहतूक नियंत्रणामुळे) उशीर’ अशी जी उद्घोषणा ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हा निर्णय असतो. हा उशीर जाणूनबुजून केलेला आणि मोजून वाटून दिलेला असतो.

क्षमतेची मर्यादा सहसा आकाशापेक्षा धावपट्टीवर आधी गाठली जाते. एका वेळी धावपट्टीवर एकच विमान असावे लागते. उतरलेले विमान बाजूच्या टॅक्सीवेवर लवकर वळले, तरच मागच्याला जागा मिळते. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे बराच वेळ टिकतात. म्हणून बोइंग ७७७ च्या मागून येणाऱ्या एअरबस ए३२० ला रूढ आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ५ नॉटिकल मैल अंतर ठेवावे लागते. एकाच मध्यम वजनगटातल्या दोन विमानांमध्ये रडारच्या देखरेखीखाली साधारण ३ नॉटिकल मैल पुरतात. त्यामुळे विमाने कोणत्या क्रमाने येतात, यावरही तासाची संख्या बदलते. मार्गावर मर्यादा येते ती माणसाच्या लक्षाची. आकाशाचे विभाग पाडलेले असतात आणि एका विभागातला नियंत्रक एका वेळी मोजक्याच विमानांचा हिशेब डोक्यात ठेवू शकतो. गर्दी वाढली की विभागाचे दोन भाग करता येतात, पण त्यासाठी दुसरा प्रशिक्षित नियंत्रक हजर असावा लागतो. पाऊस, धुके, वादळी ढग आणि उलटा वारा या क्षमतेला आणखी कात्री लावतात.

विमान जमिनीवरच रोखण्याचे कारण सरळ आहे. घाटात कोंडी झाली की वाहने पायथ्याशी थांबवलेली बरी. आकाशात तर थांबणे म्हणजे घिरट्या घालत इंधन जाळणे. शिवाय घिरट्या घालणाऱ्या विमानांची गर्दी हे नियंत्रकावरचे नवे ओझे असते आणि इंधन संपत आले की पर्यायी विमानतळाकडे वळावे लागते. म्हणून रोखायच्या प्रत्येक उड्डाणाला हिशेबाने काढलेली उड्डाणवेळ दिली जाते. या क्षेत्रात तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीटीओटी म्हणतात. युरोपात या वेळेच्या ५ मिनिटे आधीपासून १० मिनिटे नंतरपर्यंतच्या अवधीत चाके जमिनीवरून उचलली गेली पाहिजेत, असा नियम आहे. या पद्धतीत एक अटळ विषमता आहे. काही तासांपूर्वी लंडनहून निघालेल्या विमानाला आता रोखता येत नाही. त्यामुळे मुंबईत पाऊस कोसळला की थांबावे लागते ते नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर तयार असलेल्या विमानाला. जवळच्या प्रवाशांनी जास्त सोसावे, हे न्याय्य वाटत नाही, पण यावर पुरते समाधानकारक उत्तर अजून कुणाला सापडलेले नाही.

अमेरिकेत या कामाचे केंद्रीकरण १९७० मध्ये सुरू झाले. ३ ऑगस्ट १९८१ रोजी तिथले नियंत्रक संपावर गेले आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केले. उरलेल्या मनुष्यबळावर उड्डाणे कापून आणि जमिनीवर रोखून वाहतूक चालवावी लागली, तेव्हा हे तंत्र किती निकडीचे आहे ते कळले. पुढे एक विचित्र अडचण लक्षात आली. एखाद्या कंपनीने उड्डाण रद्द झाल्याचे प्रामाणिकपणे कळवले की तिची उतरण्याची वेळ दुसऱ्याला जाई. साहजिकच कंपन्या अशी माहिती शेवटपर्यंत लपवू लागल्या आणि मोलाच्या वेळा रिकाम्या जाऊ लागल्या. १९९८ पासून वाटपाचा पाया बदलला. मूळ वेळापत्रकानुसार मिळणारी वेळ कंपनीचीच राहिली. तिच्यावर दुसरे उड्डाण बसवण्याची किंवा अदलाबदलीची मुभा मिळाली. खरे सांगण्याने तोटा होईनासा झाला आणि माहिती येऊ लागली. विमान कंपन्या, विमानतळ आणि नियंत्रक यांनी एकाच माहितीवर मिळून निर्णय घ्यावा, ही आजची जगभरची पद्धत याच अनुभवावर उभी आहे.

प्रवाह-व्यवस्थापन उशिराची जागा बदलते, वाटणी बदलते. क्षमता निर्माण करत नाही. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका विमानतळाची क्षमता तासाला ४६ आहे आणि वेळापत्रकात ४४ उड्डाणे आहेत. पावसामुळे दोन तास क्षमता ३० वर आली, तर २८ उड्डाणे तुंबतात. पाऊस थांबल्यावर तासाला दोनच जास्तीची हाताळता येतात, म्हणजे थकबाकी फिटायला १४ तास लागतील. वेळापत्रकात तासाला ३८ च उड्डाणे असती तर १६ तुंबली असती आणि दोन तासांत सगळे सुरळीत झाले असते. वेळापत्रकात सोडलेली मोकळी जागा वाया गेलेली दिसते. प्रत्यक्षात अडचणीच्या दिवशी सारी वाहतूक तीच तगवते.

मुंबईचा अनुभव याची साक्ष देतो. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे व्यवहारात हा एका धावपट्टीचा विमानतळ ठरतो. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत गर्दीच्या वेळची इथली मर्यादा तासाला ४६ होती, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक उड्डाण किंवा अवतरण, तेही तासन्तास. ८ डिसेंबर २०१८ रोजी इथे २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. नियंत्रकांच्या कौशल्याला तोड नाही. मात्र या आकड्यांना नेहमीची क्षमता मानून उड्डाणे भरत जाणे चुकीचे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने गर्दीच्या तासांतली मर्यादा ४६ वरून ४४ आणि इतर वेळची ४४ वरून ४२ केली. शिवाय त्या तासांत खासगी विमानांवर निर्बंध घातले. विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात, एक विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळते, वेळांचे वाटप करताना फारशी सवड ठेवलेली नाही आणि कंपन्या दिलेल्या वेळा पाळत नाहीत, अशी कारणे मंत्रालयाने दिली. निर्णय उशिरा आला, पण योग्य होता. याउलट, पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी एक दिवस सहा तास पूर्ण बंद ठेवल्या जातात, तेव्हा फारसा गोंधळ होत नाही. बंदची सूचना कित्येक महिने आधी दिलेली असते आणि वेळापत्रक त्यानुसार बसवलेले असते.

धावपट्ट्यांप्रमाणे आकाशाचीही मर्यादा आहे. भारताच्या आकाशाचा सगळा भाग नागरी विमानांना मोकळा नाही. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी तो ६० टक्केच सहज उपलब्ध असल्याचे सांगितले. निर्बंध सैल केल्यास वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाजही त्यांनी दिला. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तर गोव्याचा दाबोळी विमानतळ नौदलाचा. तिथे नागरी उड्डाणांना लष्करी सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. गोव्याला जानेवारी २०२३ पासून मोपा इथल्या नव्या विमानतळाचा दिलासा मिळाला. उंचीच्या बाबतीत मोठी सुधारणा नोव्हेंबर २००३ मध्ये झाली. २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमधले उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फूट झाले आणि सहा नवे स्तर मिळाले.

देशपातळीवरचे प्रवाह-व्यवस्थापन भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. त्याचे केंद्रीय नियंत्रण केंद्र नवी दिल्लीत २०१७ मध्ये सुरू झाले. ही यंत्रणा उड्डाण-आराखड्यांच्या अखंड देवाणघेवाणीवर चालते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतली संदेश पोहोचवणारी स्वयंचलित प्रणाली बिघडली, तेव्हा धावपट्ट्या, रडार आणि हवामान ठीक असूनही ७ तारखेला ८०० हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. नियंत्रकांना आराखडे हाताने तयार करावे लागत होते. अशा प्रणालीला तितकीच सक्षम राखीव जोड असणे ही धावपट्टीइतकीच मूलभूत गरज आहे.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. मुंबई महानगराला त्यामुळे छेद नसलेली आणखी एक धावपट्टी मिळाली. मात्र दोन्ही विमानतळ जवळजवळ असल्याने त्यांचे येण्या-जाण्याचे मार्ग एकाच आकाशात गुंफावे लागतात. एकूण क्षमतेत किती भर पडते, हे आता त्या मार्गांच्या आखणीवर आणि ते सांभाळणाऱ्या नियंत्रकांच्या संख्येवर अवलंबून आहे.