हौद्यातलं बिऱ्हाड

पिकअपच्या हौद्यात बिऱ्हाड बसवायचं तर आधी वजनाचा विचार करावा, झोपायचा मागून. पाणी सर्वांत जड, साठ लिटर म्हणजे साठ किलो. म्हणून आमच्या डबल केबिनच्या गाडीत पाण्याचे कॅन केबिनला लागून, अगदी तळाशी ठेवले. त्यांच्यावर धान्याची पेटी, फाळक्यापाशी शेगडी. चौकोनी पाइपचा सांगाडा, प्लायच्या फळ्या, वर ताडपत्री. चासीला कुठंही वेल्डिंग नाही, सगळं क्लॅम्पवर. केरव्याच्या किंवा हलालीच्या धरणावरून परतलो की सांगाडा उतरवून ठेवायचा. गाडी चालू असताना मागं कुणी बसत नाही, सगळं घर केबिनमध्ये. भोपाळला भेलच्या कारखान्यात आयुष्यभर लोखंड जोडलं, म्हणून हात चालला. पण मांडणी शिकलो ती गोविंदपुऱ्याच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका बैलगाडीकडून.

भोपाळला मुक्कामी फिरणं नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिकंदर बेगमनं कारभार हाती घेतला, सारावसुलीचे मक्ते मोडले, आणि जमिनीची व्यवस्था लावण्यासाठी स्वतः संस्थानभर फिरली. राजघराण्यांचे असे दौरे म्हणजे हत्ती, उंट, कनाती आणि तंबू ठोकणाऱ्या खलाशांचे तांडे. माणसांचं बळ असेल तरच तो थाट पेलणार. एका कुटुंबाला त्यातलं काही उचलता येण्यासारखं नव्हतं.

मग आली आमच्यासारखी माणसं. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली, आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी घरं इकडे हलली. माझे वडील त्यांतलेच. तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही वाढलो. या घरांनी पचमढीच्या महादेवाची यात्रा सोबत आणली. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहायचा, नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारी करायची. आजोबांच्या पिढीनं ही वाट जुन्नारदेवच्या पहिल्या पायरीकडून, टपाच्या बैलगाडीनं आणि पायी केली होती. आम्ही नर्मदा ओलांडून पिपरियावरून जाऊ लागलो, तेही पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधून. त्याच कंपनीनं पुढे आपल्याच राज्यात, पिथमपूरला, ट्रॅव्हलर काढली. मर्सिडीजच्या ज्या व्हॅनवरून ती घेतली, तिच्याच सांगाड्यावर जर्मनीत फिरती घरं बांधली जात होती. आमच्याकडे मात्र तिच्यात बाकंच बसली. मॅटाडोरमधून प्रत्येक मुक्कामाला टपावरचं सामान सोडा, स्टोव्ह शोधा, सतरंज्या काढा. पहाटे पुन्हा सगळं बांधा. आईचा निम्मा प्रवास बांधाबांधीत जायचा. बेगमचा लवाजमा असो की आमची मॅटाडोर, घर गाडीतून उतरवल्याशिवाय मांडताच येत नव्हतं.

बैलगाडीतच संसार करणाऱ्या गाडिया लोहारांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. गोविंदपुऱ्याची ती गाडी त्यांचीच. मालव्यात त्यांना लोहपिटे म्हणतात. 1568 साली अकबरानं चितोड जिंकल्यावर त्यांच्या पूर्वजांनी शपथ घेतली असं ते सांगतात: गड परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही, खाटेवर झोपणार नाही, रात्री दिवा लावणार नाही. म्हणून गाडीवर खाट उलटी ठेवायची रीत. शपथेची कथा किती जुनी याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. गाडीचा निवाडा मी करू शकतो. गोविंदपुऱ्याच्या त्या गाडीत ऐरण, घण आणि सांडशी आसाजवळ तळाला. त्यांच्यावर धान्य, मागच्या पेटीत कपडे आणि चीजवस्तू. भाता असा ठेवलेला की हात घातला की निघावा. लाकडाच्या प्रत्येक सांध्यावर लोखंडी पट्टी आणि तिच्यावर फुल्यांचे खिळे. ते खिळे नुसती शोभा नाहीत, कच्च्या रस्त्यावर सांधा ढिला होऊ नये म्हणून पट्टी त्यांनीच धरून ठेवलेली आहे. आमच्या कारखान्यात हे काम कुणी इतकं नेटकं केलं असतं तर मी त्याला बोलावून शाबासकी दिली असती.

पावसाळ्यात एका ठिकाणी, बाकी वर्षभर गावोगाव, असा त्यांचा फेरा. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, तवा. पुरुष सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो, बाई घण मारते. शेतकऱ्याला ते ठरल्या हंगामात दारात हवे असत, आणि म्हणूनच चाकांवरचं घर त्यांना परवडत होतं. 6 एप्रिल 1955 ला पंडित नेहरूंनी त्यांना समारंभानं चितोडगडावर नेलं आणि शपथ फिटली असं जाहीर झालं. तोवर त्यांचा धंदाच हातचा निसटू लागला होता. ट्रॅक्टर आले, कारखान्यातली अवजारं आली. बैल विकले गेले आणि पुष्कळ गाड्या जिथं होत्या तिथंच रुतल्या. गोविंदपुऱ्यातल्या त्या लोहारांच्या घरात आजही कुऱ्हाडी घडतात, ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांच्या पोलादातून. माझ्या पिकअपचा तुटलेला पाटाही मी तिथंच दिला.

श्यामला टेकडीवरच्या मानव संग्रहालयात देशभरातली घरं मोकळ्या माळावर उभी केली आहेत. गोविंदपुऱ्याच्या गाडीचाही सांध्यासकट आराखडा कागदावर यायला हवा, आणि अशी गाडी घडवणारे हात आहेत तोवरच यायला हवा. त्या लोहार घरातल्या आजींची परवानगी घेऊन मी मापं घ्यायला सुरुवात केली आहे. चाक, आस, साटा आणि पेटी झाली. धुरा जिथं आसावर बसतो तो सांधा तेवढा राहिला आहे. त्यासाठी गाडी उचलावी लागेल. जमीन वाळली की दोन जॅक आणि जाड फळ्या घेऊन जाणार आहे.