देवीचं बोलावणं

गडहिंग्लजकडच्या आमच्या गावात मंगळवार आणि शुक्रवार हे जोगव्याचे वार. डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग, म्हणजे मूर्ती बसवलेली टोपली, कपाळभर भंडारा आणि काखेत चौंडकं घेऊन जोगतिणी दारात उभ्या राहायच्या. त्यांच्यातच लुगडं नेसलेला, मनगटभर हिरवा चुडा भरलेला एक जोगता असे. आज्जी सुपातले जोंधळे परडीत ओतायची, वाकून पाया पडायची आणि भंडारा लावून घ्यायची. धाकटे काका एकदा "त्यो आलाय" असं ओरडले, तेव्हा तिनं त्यांना तिथंच अडवलं : "त्यो न्हवं. आक्का म्हण."

आक्का आज्जीच्या माहेरची, तिच्याच वयाची. मुलगा म्हणून जन्मली. पण भातुकलीत आई व्हायची, नदीवर बायकांच्या घोळक्यात धुणं धुवायची. बापानं चाबूक ओढला, भावांनी कोंडून घातलं. मग केसांत जट धरली. एका म्हाताऱ्या जोगतिणीनं जट हातात घेऊन पाहिली आणि सांगितलं, देवीचं बोलावणं आलंय. घरच्यांनी तिला सौंदत्तीच्या डोंगरावर नेलं, गळ्यात देवीच्या मोत्यांची माळ, म्हणजे 'दर्शन', बांधली, लुगडं नेसवलं. काल जिला मारत होते तिच्या आज पाया पडू लागले.

गोष्ट इथवर आली की आम्हा पोरांना बरं वाटायचं. आज्जी मात्र पुढचंही सांगायची. बाप वारल्यावर जमिनीची वाटणी झाली. भाऊ म्हणाले, देवीला सोडलेल्याला वाटणी कशाची? आक्का गावाबाहेर छपरात राहायला गेली. बारशाला, लग्नाला तिचा आशीर्वाद हवा असायचा. जेवायला मात्र तिला अंगणातच बसवत. "देव्हाऱ्यात जागा दिली, घरात न्हाई दिली," एवढं बोलून आज्जी गप्प व्हायची. राजन गवस यांची 'भंडारभोग' कादंबरी पुढे वाचली, तेव्हा त्यातला जोगता मला परका वाटला नाही. आमच्या भागात अशी आक्का पुष्कळ गावांत होती.

राज्यकर्त्यांचा इतिहासही फार वेगळा नाही. मराठी मुलखात हिजड्यांकडे सनदा होत्या, गावाकडून ठरलेले हक्क त्यांना मिळत आणि गुरूमागे ते चेल्याकडे जात. कंपनी सरकारनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते मोडीत काढले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग तर हिजड्यांसाठीच लिहिलेला होता. उत्तरेत त्यांच्या नावांच्या आणि मालमत्तेच्या नोंदवह्या झाल्या. नोंद झालेल्या व्यक्तीनं बाईच्या वेषात रस्त्यावर नाच केला तर दोन वर्षांपर्यंत कैद होई. तिला मृत्युपत्र करता येत नसे, मूल दत्तक घेता येत नसे. आक्काला भावांनी जे नाकारलं, तेच इथे सरकारनं कलमं घालून नाकारलं होतं.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्यानं मात्र जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची अट आणली. 2021 मध्ये कर्नाटकातल्या तृतीयपंथी लोककलावंत मंजम्मा जोगती पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या आणि पदराच्या टोकानं त्यांनी राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ते पाहताना मला आनंद झाला आणि आमच्या आक्काचं छप्परही आठवलं. सन्मान एकीला मिळतो. भाड्यानं खोली, पगाराची नोकरी आणि वडिलांच्या सातबाऱ्यावर नाव सगळ्यांनाच लागतं.

बोलण्यापुरती तरी आमची माणसं मोकळी होती. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. आज्जी जन्मभर तशीच बोलली आणि तिच्या बाईपणाबद्दल कुणाला कधी शंका आली नाही. पलीकडच्या कानडीत तर 'मी आलो' आणि 'मी आले' असा भेदच नाही. ज्या मुलखात आई "आलो" म्हणते, तिथे लेकानं "आले" म्हटलं तर घर कोसळायचं कारण नाही.

आक्काला माणूस म्हणून जगायला देवीची चिठ्ठी लागली, आजच्या पोरीला जिल्हाधिकाऱ्याची लागते. माझं म्हणणं एवढंच आहे की केसांत जट न धरता, हातात कागद नसताना एखादं लेकरू "मी मुलगी आहे" असं सांगेल, तेव्हा घरच्यांनी तिला मुलगी म्हणावं, आपल्या पंगतीत वाढावं आणि वाटणीच्या वेळी तिचं नाव गाळू नये.