दांड्याच्या टोकाचं चाक

विमानाच्या कॉकपिटचा फोटो पाहिलात, तर चाकं वर-खाली करायच्या दांड्याचं टोक जरूर बघा. तिथे चिमुकलं चाक असतं. अगदी खेळण्यातल्या गाडीचं असावं तसं! पण ते शोभेसाठी नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 बॉम्बरची एक विचित्र तऱ्हा होती. विमान सुखरूप उतरायचं, धावपट्टीवर धावत असायचं आणि तेवढ्यात वैमानिक पंखांचे फ्लॅप्स वर घेण्याऐवजी चाकंच आत घ्यायचा. विमान धाडकन पोटावर! बी-25 आणि पी-47 मध्येही तेच. शेरा ठरलेला : वैमानिकाची चूक.

1943 साली ओहायोतल्या राईट फील्डवर अल्फॉन्स चापॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला याचा छडा लावायला सांगितलं. त्याचं लक्ष गेलं ते सी-47 कडे. तिथे असं घडतच नव्हतं. वैमानिक तर तसेच, माणसंच शेवटी! मग फरक कशात? बाकीच्या विमानांत ही दोन बटणं शेजारी-शेजारी आणि हुबेहूब सारखी होती. सी-47 मध्ये ती लांब-लांब होती, चालवायची पद्धतही वेगळी.

आता विचार करा. रात्रभर उडून आलेला दमलेला माणूस, नजर समोरच्या धावपट्टीवर. बटण शोधतो तो हात, डोळा नव्हे. आणि बोटांना दोन्ही बटणं एकच लागतात. चापॅनिसने चाकांच्या बटणावर छोटं रबरी चाक बसवलं, फ्लॅप्सच्या बटणावर पाचरीसारखा तुकडा. बस्स, एवढंच. मला यातलं सर्वात काय भावलं, तर माणसाला बदलायच्या भानगडीत तो पडलाच नाही.

पुढे 1947 मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी अशा 460 चुका तपासल्या. जवळपास निम्म्या एकाऐवजी दुसरंच काही ओढण्याच्या निघाल्या. आज चाकांच्या दांड्याला चाकाचा आणि फ्लॅप्सच्या दांड्याला पंखाचा आकार अमेरिकेच्या विमान नियमांतच आहे.

चापॅनिसने 1959 मध्ये चार बर्नरच्या शेगडीवरही प्रयोग केले. बर्नर चौकोनात न ठेवता थोडे तिरके सरकवले, की कुठलं बटण कशाचं ते आपोआप कळतं. त्या मांडणीत एकही चूक झाली नाही. आमच्या शेगडीचे बर्नर मात्र अजून चौकोनात आहेत, आणि चारही बटणं एका ओळीत, अगदी सारखी.